माटोलोचा पगार

दर महिन्याच्या पंचवीस तारखेला वेलिलेच्या खात्यात दोन पगार जमा व्हायचे. एक त्याचा स्वतःचा. बसच्या खुर्च्या बनवणाऱ्या कारखान्यात तो बावीस वर्षं भांडार सांभाळत होता. दुसरा माटोलोचा, म्हणजे त्याच्या बायकोचा; माहेरच्या कुळावरून सगळे तिला तसंच म्हणत. ती शिक्षिका होती. दीड वर्षापूर्वी किडनीच्या आजाराने गेली, आणि तेव्हापासून तिच्या पेन्शनचा अर्धा भाग नवऱ्याला मिळू लागला. बाकीचे लोक त्याला पेन्शन म्हणत. वेलिले 'माटोलोचा पगार' म्हणे, आणि ती वाटायची तसाच तो वाटायचा. सहा हजार चारशे रँडमधले दोन हजार त्सोमो गावी तिच्या आईला, एकोणतीसशे मुलीच्या वसतिगृहाला. उरलेले पंधराशे तो ख्वेझी पाथरवटाकडे कबरीच्या दगडासाठी भरायचा. पावतीसुद्धा तो तिच्याच नावाने घ्यायचा. त्या पैशातून त्याने स्वतःसाठी पाव किलो मटणही आणलं नव्हतं.

दगड डिसेंबरात उभा करायचा होता. शहरांतली माणसं तेव्हाच गावी येतात. दगडावर चादर घालायची, वडीलधाऱ्यांनी चार शब्द बोलायचे, मग चादर काढायची, की दुखवटा संपला. तोवर तिचे कपडे आणि वस्तू एका बॅगेत बांधून ठेवलेल्या. ती बॅग त्या दिवशी बायकांनी उघडायची, त्याआधी कुणी हात लावायचा नाही. दगडाचे नऊ हजार अजून द्यायचे होते. ते ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या दोन्ही पगारांतून आणि त्याच्या डिसेंबरच्या बोनसमधून भागणार होते.

ऑक्टोबरच्या पंचवीस तारखेला त्याचा पगार पाच हजारांनी कमी आला.

तो पगाराच्या खिडकीशी गेला. आत वातिस्वा होती, त्याच्या मुलीपेक्षा थोडी मोठी; ती त्याला 'ताता', म्हणजे बाबा, म्हणायची.

"पोरी, माझ्या पगाराला उंदीर लागले का गं?"

"उंदीर नाही ताता, कर खातं." ती हसली नाही. "पंधरा हजार थकलेत तुमचे. तीन महिन्यांत कापून पाठवा असं पत्र आलंय."

"माझे थकलेत? अगं, दर महिन्याला तूच तर कापतेस."

"मी या पगारावरचा कापते. दुसऱ्यावरचा कोण कापणार?"

"दुसरा कुठला?"

"पेन्शन, ताता. ती एकटी धरली तर इतकी थोडी, की तिच्यावर कर बसत नाही. म्हणून तिकडे कुणी कापत नाही. इकडे मला ती दिसत नाही. वर्ष संपलं की ते दोन्ही एकत्र धरतात, आणि मग सगळ्याच रकमेवर कर बसतो."

"पण ते पैसे माझे नाहीत. माटोलोचे आहेत."

वातिस्वाने नजर स्क्रीनवरून हलवली नाही. "गेलेल्या माणसाला उत्पन्न नसतं, ताता. कागदावर ते तुमचंच आहे." मग तिने विचारलं, "जुलैपासून चार मेसेज पाठवलेत म्हणे. मिळाले नाहीत तुम्हाला? शेवटी चार-एक-आठ असलेला नंबर."

तो नंबर माटोलोचा होता. बँक, दवाखाना, शाळा, कर, सगळीकडे वेलिलेने तिचाच नंबर दिला होता, कारण स्वतःचा फोन तो वर्षाला एक हरवायचा. आणि तिचा फोन त्या बॅगेत होता.

शनिवारी त्याने मोठ्या बहिणीला बोलावलं. नोलुंडीने आधी त्याला खडसावलं.

"दीड महिना धीर धरवत नाही? मेलेल्या बाईच्या कपड्यांत हात घालायला निघालाय!"

"मला फक्त फोन हवाय, ताई."

"मग मी काढते. तू तिकडे तोंड कर."

तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. पट्टे सुटल्याचा आवाज आला. मग खोलीत तिच्या साबणाचा वास आला. दीड वर्षात तो वास गेला नव्हता. नोलुंडी मागून म्हणाली, "हिरव्या कोटाच्या बाहीत गुंडाळलाय." मग पट्टे पुन्हा आवळले गेले, आणि त्याने तोंड वळवलं.

फोन चार्ज झाल्यावर नोलुंडीने चष्मा लावून पहिला मेसेज मोठ्याने वाचला. "तुमचा कर आम्ही काढला आहे. मान्य असल्यास आपण काहीही करण्याची गरज नाही."

"मग तू काय केलंस?"

"काहीच नाही."

"म्हणजे मान्य केलंस की रे, वेड्या."

सोमवारी रजा टाकून तो कर खात्याच्या कचेरीत गेला. खिडकीतली बाई चांगली होती. तिने सगळा हिशोब पुन्हा केला. तो बरोबर होता. हप्ते लहान करण्याचा अर्ज तिने स्वतः भरून दिला, पण उत्तर डिसेंबराच्या आत येईल असं काही सांगता येत नाही म्हणाली. "आणि ताता, हे मागच्या वर्षाचं झालं. या वर्षाचेही मार्चपासून आठ महिने होत आलेत. पुढच्या जुलैला पुन्हा हेच व्हायला नको असेल तर पेन्शनमधूनच कर कापायला सांगा. इथे सही करा."

कागदावर छापलं होतं: हे उत्पन्न माझे आहे.

"इथे 'माझे'च्या जागी तिचं नाव घातलं तर?"

"नाही चालणार, ताता."

त्याने सही केली.

ख्वेझीने दगडावर नाव आधीच कोरलं होतं. अर्धे पैसे आले की तो नाव कोरायला घ्यायचा. नोंझामे हे तिचं पाळण्यातलं नाव, जन्म, मृत्यू, खाली तिच्या शाळेचं नाव. अक्षरं चांगली उतरली म्हणून गिऱ्हाइकांना दिसावा असा त्याने तो दगड रस्त्याकडे तोंड करून ठेवला होता.

"मला पण ग्रॅनाइट रोख घ्यावा लागतो रे भाऊ," ख्वेझी म्हणाला. "ईस्टरपर्यंत ठेवतो. पुढे नाव घासून काढावं लागेल. दगड विकायचा तर कोरा लागतो."

व्याजाने पैसे देणारा गल्लीतच राहत होता. पण तो बँकेचं कार्ड ठेवून घ्यायचा, आणि माटोलोचा पगार त्याच कार्डावर यायचा. वेलिले त्याच्या दारावरून पुढे गेला.

रात्री त्याने सासूबाईंना फोन केला.

"त्या दिवसाच्या जेवणाला गाय ठरवली बरं का जावईबापू! काळी, शिंगं अशी बाहेर आलेली. बघशील तर बघत राहशील."

त्याने सगळं सांगितलं.

"मग चादर कशावरची काढायची?"

"कबरीवरचा लाकडी क्रॉस आहे ना, आई."

"तो सगळ्यांनी पाहिलाय." मग त्या म्हणाल्या, "माझे दोन हजार घाल त्यात."

"ते तुमचे आहेत. ती देते ते."

"ती द्यायची. आता तू देतोस. तुझं सरकारसुद्धा तेच म्हणतंय, तुलाच तेवढं कळत नाही. गायवाल्याला उद्या नाही म्हणून कळवते," म्हणाल्या आणि फोन ठेवला.

नोव्हेंबरच्या पंचवीस तारखेला पेन्शन कर कापून आली. पाच हजार एकशे ऐंशी. त्याने दोन हजार त्सोमोला पाठवले, एकोणतीसशे वसतिगृहाला. दोनशे ऐंशी उरले. ते घेऊन तो चालत ख्वेझीकडे गेला. ख्वेझीने नोटा मोजल्या, त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि पावतीपुस्तक ओढलं. सवयीने 'मा' एवढं लिहून झालंही होतं.

"ते खोड," वेलिले म्हणाला. "माझं नाव घाल."

ख्वेझीने खोडून वर त्याचं नाव लिहिलं.

"आणि तो दगड भिंतीकडे फिरव. येणारेजाणारे वाचतात."

दगड एकट्याने हलवण्यासारखा नव्हता. दोघांनी मिळून तो फिरवला.