कडेला खाच असलेली गोळी

पिठ्या हे काही त्याचं खरं नाव नव्हे. गोळ्यांच्या कारखान्यात, गोळ्या दाबायच्या यंत्रावर बावीस वर्षं काढली, अंगावर सदानकदा पांढरी भुकटी, म्हणून पडलेलं. ही भुकटी म्हणजे दुधातली साखर. गोळीत औषध असतं चिमूटभर, बाकी सगळी हीच. चव धड गोड नाही, धड अळणी नाही. "आम्ही दूधवालेच, फक्त रतीब दवाखान्यात घालतो," असं तो म्हणायचा. अलीकडे म्हणत नव्हता.

बायकोचं रक्त नासत चाललं होतं. सगळे उपाय करून थकल्यावर डॉक्टरीणबाईंनी नव्या औषधाच्या चाचणीत तिचं नाव घातलं. निम्म्यांना औषध, निम्म्यांना नुसती गोळी. कुणाला काय मिळतंय ते बाईंनाही ठाऊक नाही. पिठ्याने तरी हात जोडले. बुडत्याला काडीचा आधार, दुसरं काय.

तीन महिने ती आपल्या हातानेच गोळी घेत होती. त्या सकाळी डबीचं झाकण फिरवायचं बळ तिच्या बोटांत राहिलं नाही, म्हणून डबी त्याच्याकडे आली. त्याने गोळ्या तळहातावर ओतल्या आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. चार-पाच गोळ्यांच्या कडेला बारीकशी खाच होती.

ती खाच त्याचीच. यंत्राच्या एका साच्याचा टवका उडाला होता. साचा बदलायचा म्हणजे अर्धा दिवस काम बंद आणि साहेबांची बोलणी. "गोळीला कोण भिंग लावून बघतंय," म्हणून त्याने तसंच रेटलं. आठवडाभराने साचा बदलला. आणि त्या आठवड्यात त्याच्या यंत्राकडे औषधाचं पिंप आलंच नव्हतं. नुसती साखर आली होती.

"आज चेहरा जरा बरा दिसतोय तुझा," तो म्हणाला. खोटं बोलणं त्याला कधी साधलं नव्हतं.

"कळलं वाटतं तुम्हाला," ती म्हणाली.

तो गोळ्या परत डबीत भरू लागला.

"अहो, बावीस वर्षं तुमचे कपडे मी झटकतेय. किती भुकटी गेली असेल तोंडात. पहिल्याच गोळीला ओळखली मी, नुसती साखर, औषधाचा कडवटपणा नावाला नाही."

"मग बोलली का नाहीस?"

"रोज विचारायचात, बरं वाटतंय का म्हणून. हो म्हटलं की दोन घास जास्त जेवायचात."

त्याला रडूसुद्धा येईना. आता करण्यासारखं काहीच उरलं नव्हतं, आणि हे तिला तीन महिने एकटीला माहीत होतं.

तिने हात पुढे केला. "द्या, वेळ झाली. निदान तुमच्या हातची तरी आहे."

खाच असलेलीच एक गोळी त्याने तिच्या जिभेवर ठेवली आणि पेला ओठांना लावला. तिला पाणी दोन घोटांपलीकडे गेलं नाही.