मापाचा शर्ट

आधीच सांगून ठिवतो, मी काही बायकोला शर्ट घालू न देणारा माणूस न्हाई. आमच्याकडं कापूस येचायला जाणारी हरेक बाई साडीवर नवऱ्याचा जुना शर्ट चढवती. उन्हानं अंग भाजत न्हाई, बोंडं हाताला ओरबाडत न्हाईत. माझी नंदाबाई बारा वर्षं माझेच शर्ट घालून राह्यली. कधी कोणी ब्र काढला न्हाई.

पंच्याण्णव सालच्या मळणीत ती यंत्राला ज्वारीची कणसं लावून राह्यली होती, आन माझ्या शर्टाची लोंबती बाही आत गेली. कापड जुनं, टर्रकन फाटलं, म्हणून हात राह्यला. करंगळीचं नख तेवढं गेलं.

दुसऱ्या साली मळणी जवळ आली तशी ती म्हणली, "मला शर्ट शिवून द्या. माझ्या मापाचा."

"ट्रंकेत तीन पडलेत की!"

"ते तुमचे हायेत. त्यांचा खांदा माझ्या कोपरापाशी येतो. मापाचा न्हाई शिवला तर मी यंत्रापाशी बिलकुल उभी राहणार न्हाई."

आता घ्या! जुना चालतो तर नवा का चालू नये? मलाबी ते पटत होतं. तरी मन घेईना. नवऱ्यानं टाकलेला घातला तर बाई कामाची, आन तिच्या मापाचा शिवला तर... तर काय? पुढं डोकंच चालंना. मायला विचारलं. माझी माय झुंबरबाई, तिनंबी जलमभर माझ्या बापाचे शर्ट घातलेले. ती म्हणली, "नवा शर्ट घालून तिला काय तलाठी व्हायचंय?" मायचंबी पटलं. दोन्हीकडचं पटल्यावर माणसानं करावं काय?

बाजाराच्या दिवशी वडीगोद्रीला गेलो. निळ्या चौकड्याचं कापड घेतलं आन रखमाजी टेलरच्या दुकानात शिरलो. बाकड्यावर कचरू आन अजून दोघं चहा पीत बसलेले, सगळे वळखीचे.

"कोणाचा शिवायचा?" रखमाजीनं विचारलं.

घरून ठरवून गेल्तो, बायकोचा म्हणून सांगायचं. पण तोंडातून निघालं, "माझा."

त्यानं टेप काढला आन मी मुकाट्यानं माप दिलं.

आठ दिवसांनी शर्ट घरी आणला. नंदीनं घडी मोडली, कापडावरून हात फिरवला, लै खूश झाली. मंग घातला. बाही बोटांच्या खाली लोंबून राह्यली.

"माप कोणाचं दिलं?"

मी बाही वर दुमडून द्यायला गेलो.

"दुकानात काय सांगितलं तुम्ही?"

"माझा म्हणून सांगितलं. चार माणसं बसली होती, नंदे."

ती चिडली असती तर मीबी चिडलो असतो, माझा तसा सोभावच हाये. पण ती हळू आवाजात म्हणली, "माझा हात गेला असता तर चाललं असतं. चार माणसांत माझं नाव घेणं चाललं न्हाई."



दुसऱ्या दिवशी तीच पुढं, मी मागं. जीपमधून उतरून थेट दुकानात. तिनं शर्ट टेबलावर ठिवला. "भाऊ, हा माझ्या मापाचा करायचाय."

रखमाजीनं एकदा तिच्याकडं पाह्यलं, एकदा माझ्याकडं. "वहिनी, आम्ही बाईमाणसाचं माप अंगावरून घेत न्हाई. जुनं झंपर आणा, त्याच्यावरून करतो."

"झंपराला मनगटापर्यंत बाही असती का?"

बाकड्यावर कचरू फिसकन हसला. रखमाजीनं गळ्यातला टेप काढून माझ्या हातात दिला. "मच्छिंद्रा, मंग तूच घे बाबा."

घेतला टेप. लग्नाला बारा वर्षं झालेली आन खांदा कुठून धरायचा ते मला ठाऊक न्हाई! "हाड लागंल तिथून," ती म्हणली. खांदा चौदा भरला. बाही वीस. रखमाजीनं वहीत माझं माप पाह्यलं, चोवीस.

चार इंच. तेवढ्या कापडापायी माझ्या बायकोचा हात जात होता, आन चार माणसांच्या भीतीनं मी तेच चार इंच नव्यानं शिवून आणले होते! लाज वाटली. पण कोणाची, कशाची, ते आजबी मला बराबर सांगता येत न्हाई.

"मनगट साडेसहा," मी मोठ्यानं सांगितलं. "आन मापापुढं नाव टाक, नंदाबाई."

कचरूनं कप खाली ठिवला. थट्टेनं विचारलं की खरंच, मला कळलं न्हाई. "रखमाजी, आमच्या घरचीचाबी शिवशील का? माप उद्या सांगतो."

"माप ठाऊक हाये का तुम्हाला?" नंदीनं विचारलं.

कचरूनं खाली ठिवलेला रिकामा कप पुन्हा तोंडाला लावला.