एक वाजून दहा मिनिटांनी

मला कुणी थांबायला सांगू नये. पडदे शिवायचा माझा धंदा. गिऱ्हाईक म्हणालं परवा द्या, तर मी उद्याच शिवून मोकळी होते. आमचे हे अगदी उलटे. नकाशे काढायच्या ऑफिसात तीस वर्षं पेन्सिलींना टोकं करत बसलेला माणूस, घाई कशाशी खातात ते ठाऊक नाही.

धाकटी युनिव्हर्सिटीत शिकायला गेली, दोन दिवसांच्या प्रवासावर. जाताना घरातल्या कॉम्प्युटरला मोडेम लावून तो आमच्या टेलिफोनला जोडून गेली. त्यावरून तिच्या युनिव्हर्सिटीचा कॉम्प्युटर गाठायचा. दहादा नंबर लावावा, तेव्हा एकदा किंचाळून लागायचा. मग ‘फिंगर’ आणि पुढे तिचं नाव टाइप केलं, की काळ्या स्क्रीनवर एक ओळ उमटायची: ही शेवटची कधी लॉगिन झाली, तो वार आणि वेळ. “आई, मेल लिहायला जमलं नाही तरी हे बघत जा,” म्हणाली होती. लिहायचा कंटाळा कार्टीला! आम्ही रोज चहा झाला की बघायचो. काल पावणेदहा, आज सव्वानऊ. चला, आहे बरी, म्हणायचं आणि कामाला लागायचं.

मग एका शनिवारी ती ओळ बदललीच नाही. शुक्रवार, चार वाजून वीस मिनिटं. रविवारी तेच, सोमवारी तेच. तिची शेवटची मेल पुन्हा काढली. ‘मला इथलं काहीच जमत नाहीये, आई. झोप लागत नाही.’ आणि मी काय उत्तर दिलं होतं? वेळेवर जेव, सगळं जमेल. जळलं मेलं माझं शहाणपण.

ती भाड्याच्या खोलीत एकटी राहायची, तिथे फोन नाही. पुढच्या शुक्रवारी सकाळी ह्यांनी युनिव्हर्सिटीच्या ऑफिसात फोन लावला. तिथली क्लार्क बाई बोलायला चांगली. म्हणाली, चार वाजता शिपायाला पाठवते, घरमालकाला घेऊन दार उघडून बघेल. ह्यांचा जीव जरा खाली बसला. उद्याच्या गाडीची तिकिटं काढायला स्टेशनवर निघाले. “कॉम्प्युटरला हात लावू नकोस,” दारातून म्हणाले. “फोन मोकळा राहू दे.”

मी शिवायला बसले. एकच दुमड तीनदा उसवली. पोरीने कुणाला काही लिहिलं असेल का? तिला कुणी काही? हात नुसते शिवशिवत होते. पासवर्ड मला ठाऊक होता, माझ्या शेजारी बसूनच ठरवलेला, तिच्या चिंध्यांच्या बाहुलीचं नाव. शेवटी उठले आणि तिच्या नावाने आत शिरले.

एकोणीस मेल न वाचलेल्या. पंधरा डिपार्टमेंटच्या सूचना. चार माझ्या. ‘जेवतेस ना?’ ‘अगं, एक ओळ तरी टाक.’ बाकी कुणीच तिला काही लिहिलं नव्हतं. पोरीला तिथे एक मैत्रीण नव्हती आणि मला त्याचा पत्ताच नाही. मी बंद केलं आणि स्वयंपाकघरात जाऊन रडले.

पावणेपाचला क्लार्क बाईंना फोन लावला.

“अहो, काळजी मिटली!” त्या म्हणाल्या. “कॉम्प्युटरच्या खोलीत विचारलं मी. तुमची मुलगी आज दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी लॉगिन झाली होती. म्हणून शिपायाला पाठवलं नाही. मुलं अशीच असतात हो!”

“अहो बाई, ती मी होते! तिचा पासवर्ड घालून मीच गेले आत!”

“म्हणजे ती तुमच्याजवळ आहे?”

“नाही हो!”

“मग पासवर्ड कुणी दिला?”

“तिनेच, पण तो जुना...” जितकं सांगावं तितकी मीच वेडी ठरत होते. त्या म्हणाल्या, शिपाई घरी गेलाय, ऑफिस आता सोमवारी उघडेल. मी तिथल्या पोलिसांना फोन केला. त्यांनी कॉम्प्युटरच्या खोलीत विचारलं आणि मला तीच एक वाजून दहा मिनिटांची वेळ ऐकवली. खरा शुक्रवार, चार वाजून वीस, आता कुठेच उरला नव्हता. आठ दिवस तो डोळ्यांसमोर होता, आणि मी माझ्या हाताने पुसला.

साडेसहाला हे तिकिटांच्या रांगेतून सुटून आले. बूटही न काढता कॉम्प्युटरपुढे बसले. नंबर नेमका पहिल्याच खेपेला लागला. हे एका बोटाने एकेक अक्षर दाबत होते, मी दारात उभी होते. तेव्हाच सांगायला हवं होतं.

“अगं, आली!” हे ओरडले. “आज! एक वाजून दहा! आली गं पोरगी!” चष्मा काढून डोळे पुसले, हसले, पुन्हा डोळे पुसले. “मी म्हणत नव्हतो? आठ दिवस उगाच जीव खाल्लास माझा. थांब, स्टेशनवरची तिकिटांची खिडकी अजून उघडी असेल, तिकिटं परत करून येतो.”

“तिकिटं राहू द्या,” मी म्हणाले. “अहो, ती मी होते.”

हे अजून हसतच होते.