रिकिबीचा पेला

लढाई संपून दोन वर्षं झाली होती. माझा नवरा हिएरोनिम घोडदळातला कॅप्टन. जर्मनांच्या कैदेतून जिवंत आला, तर आता आपलंच नवं कम्युनिस्ट सरकार जुना लष्करी अधिकारी म्हणून त्याला पकडायला टपलेलं. त्या दुपारी तो जंगलाकडे पळणार, तोच त्याचा जुना मोतद्दार वालेन्ती बाटली घेऊन दारात उभा.

"साहेब, रिकिबीचा पेला न घेताच निघालात?"

घोडेस्वारांची रीतच ती. निघताना रिकिबीत पाय ठेवून शेवटचा पेला घ्यायचा, नाकारायचा नाही.

"घोडा कुठाय, मेल्या?" मी म्हटलं.

"बाईसाहेबांची जीभ अजून तलवारच!" तो हसला आणि पुन्हा ओतली.

"उशीर होतोय," मी नवऱ्याला म्हटलं.

"अगं, यानंच मला गोळ्यांतून ओढून काढलंय. याला नाही म्हणू?"

तिसऱ्या पेल्याला फाटकात शिपायांची गाडी थांबली. वालेन्ती दचकलासुद्धा नाही. त्याचा स्वतःचा पहिलाच पेला अजून काठोकाठ भरलेला होता. तोच उचलून मी त्याच्या तोंडावर फेकला.

गाडीत चढताना माझा माणूस मागे वळला. पण बघितलं त्यानं वालेन्तीकडे, माझ्याकडे नाही. त्या बघण्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.