दोष आढळला नाही

"मी नापास झाले, बु," वेनिंग म्हणाली आणि तिने वर्कशॉपमध्ये डोळ्यांवर लावायचा प्लास्टिकचा चष्मा माझ्या टेबलावर ठेवला. परत देण्याआधी तिने त्याच्या काचा पुसल्या होत्या.

दहाला पाच कमी होते. तिची परीक्षा संपून दहा मिनिटं झाली होती.

सालातिगाच्या आमच्या तांत्रिक शाळेत वाहन शाखेच्या मुलांना मी भौतिकशास्त्र शिकवते. आमच्याकडे बाईंना 'बु' म्हणतात आणि सरांना 'पाक'. तिसऱ्या वर्षाच्या शेवटी त्यांची प्रात्यक्षिक परीक्षा घ्यायला बाहेरून परीक्षक येतात. यंदा सेमारांग शहरातल्या एका मोठ्या वर्कशॉपचे पाक हार्तोयो आले होते. परीक्षा सोपी असते. परीक्षक शाळेच्या गाडीत मुद्दाम एक बिघाड करून ठेवतात. विद्यार्थ्याने स्टिअरिंगखाली स्कॅनर जोडायचा, बिघाडाचा कोड वाचायचा, लिहायचा, बिघाड शोधून दुरुस्त करायचा आणि मग कोड पुसून, इंजिन चालवून खात्री करायची. आधी वाच, मग लिही, मग पूस. वाचायच्या आधी पुसलं की थेट 'अद्याप सक्षम नाही'. मग पुढची संधी एक वर्षाने.

वेनिंगला एक वर्ष थांबता येणार नव्हतं. सेमारांगच्याच दुसऱ्या एका वर्कशॉपने तिला बिघाड शोधण्याच्या कामावर घ्यायचं कबूल केलं होतं. प्रमाणपत्र घेऊन जुलैच्या एक तारखेला हजर व्हायचं होतं. आमच्या शाळेतल्या मुलीला असं काम आजवर कोणी देऊ केलं नव्हतं. मुली पावत्या लिहायला जातात.

"कशामुळे नापास?"

"वाचायच्या आधी कोड पुसला म्हणून."

"पुसलास?"

"नाही, बु."

"मग तसं सांगितलंस?"

ती फरशीकडे बघत राहिली. "त्यांनी विचारलं, पुसलास ना? मी हो म्हटलं."

"हो का म्हटलंस?"

"ते म्हणत होते ना."

आमच्याकडे मोठ्या माणसाला तोंडावर नाही म्हणत नाहीत. मान लववून हो म्हणायचं आणि नंतर आपलं जे असेल ते करायचं. बाजारात, दवाखान्यात, लग्नाच्या बोलणीतसुद्धा सगळे असंच वागतात आणि कोणाचं काही बिघडत नाही. परीक्षेत मात्र त्या 'हो'च्या खाली सही घेतात. वेनिंगने सही केली होती.

मी तिच्याकडची उत्तरपत्रिकेची प्रत मागितली. अक्षर नेहमीसारखं बारीक, सरळ. बिघाडाचा कोड: नाही. आत जाणाऱ्या हवेचं तापमान: ३६. इंजिनच्या पाण्याचं तापमान: ८८. इंजिन सुरू: ९.२६. इंजिन बंद: ९.४५. निष्कर्ष: दोष आढळला नाही.

"बिघाड काय होता ते तुला माहीत होतं का?"

"सगळ्यांनाच माहीत होतं. मुलं बाहेर येऊन सांगत होती. हवेच्या तापमानाचा सेन्सर, त्याचा प्लग काढून ठेवलाय. कोडसुद्धा सांगत होती, पी शून्य एक एक तीन."

"मग लिहिला का नाहीस?"

तिने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. प्रश्नच तिला कळला नव्हता.

"स्कॅनरवर नव्हता, बु."

माझे कान तापले. मी प्रत घेतली, तिला चल म्हटलं आणि शाळेच्या वर्कशॉपकडे निघाले.

सुटलेला प्लग लपत नाही. तो सेन्सर हवेचं तापमान वजा चाळीस अंश सांगतो. सालातिगा डोंगरावर आहे, थंड आहे, पण इतकंही नाही. वेनिंगला छत्तीस दिसले, म्हणजे तेव्हा प्लग जोडलेला होता. गाडी चांगली होती. एक तर हिने प्लग जोडून कोड पुसला होता, नाहीतर तिच्यासाठी कोणी बिघाड केलाच नव्हता.

दाराशी परीक्षा झालेली मुलं चहा पीत उभी होती. वेनिंगला बघून एकजण ओरडला, "आली आली, मांत्रिकबाई आली! हात न लावता गाडी बरी केली!"

"माझी मोटरसायकलपण बघ की गं! नुसती फुंकर मार!"

"गालिह," मी म्हटलं. हसणाऱ्यांत तोही होता. वेनिंगच्या आधी त्याचाच नंबर होता. "तुझी प्रत दे."

त्याने खिशातून घडी केलेला कागद काढला. कोड पुसला: ८.५२. इंजिन बंद: ९.१४.

"पुसल्यावर बावीस मिनिटं इंजिन कशाला चालवलंस?"

"पाक फोनवर बोलत बाहेर गेले, बु. म्हणाले, राहू दे चालू, आलोच. मग आलेच नाहीत. शेवटी मीच बंद केलं."

"आल्यावर त्यांनी परत प्लग काढला?"

गालिहने कपातल्या चहाकडे पाहिलं. "ते पाकच करतात ना."

"आज केला का?"

"मी लगेच बाहेर आलो, बु," तो म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते.

आत पाक हार्तोयो टेबलापाशी बसून केळीच्या पानातला चिकट भात खात होते. शेजारी आमचे मुख्याध्यापक पाक विदाग्दो. पाहुण्यांच्या खाऊचा पुठ्ठ्याचा डबा दोघांच्या मध्ये उघडा होता.

"या या, बु रुमियाती," पाक हार्तोयो हसून म्हणाले. "तुमची विद्यार्थिनी घाबरट आहे हो. अक्षर मात्र सुरेख! ऑफिसात बसवा, पावत्या छान लिहील."

"तिने कोड पुसला असं कशावरून म्हणता, पाक?"

"कशावरून म्हणजे? कोड होता, आता नाही. आणि ती स्वतःच हो म्हणाली. सही आहे."

"तिच्या आधी गालिहने प्लग जोडून कोड पुसला होता. त्यानंतर तुम्ही प्लग पुन्हा काढलात का?"

पाक हार्तोयोंनी पानाची घडी घातली. एक घडी, मग दुसरी. "बु, बावीस वर्षं मी गाड्या बघतोय."

ते हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत.

"बु रुमियाती," पाक विदाग्दो मध्ये पडले, "पाहुणे सकाळपासून उभे आहेत. आपण नंतर सावकाश बोलू. पाकांच्या वर्कशॉपमध्ये दरवर्षी आपली आठ-दहा मुलं लागतात." शेवटचं वाक्य त्यांनी हळू म्हटलं, पण माझ्याकडे बघून.

आमच्याकडे ज्याचा आवाज चढतो तो हरतो. मी हात पाठीमागे धरले.

"एकच आकडा बघायचाय, पाक. दोन मिनिटांचं काम आहे. तुमच्याच हाताने बघा."

शाळेचा निळा स्कॅनर गाडीच्या सीटवर पडला होता. मी तो जोडला, इंजिन सुरू न करता नुसती किल्ली फिरवली. कोड वाचणं आणि कोड पुसणं, यापलीकडच्या पानांवर सहसा कोणी जात नाही. गाडीचा संगणक आणखी एक गोष्ट लक्षात ठेवतो: शेवटचा कोड पुसल्यानंतर इंजिन किती मिनिटं चाललं. मोजमापाचा धडा शिकवताना मी हे पान दरवर्षी दाखवते. दरवर्षी मुलं जांभया देतात. वेनिंग देत नसे.

मी स्कॅनर पाक हार्तोयोंच्या हातात दिला. "वाचाल का?"

"चाळीस मिनिटं," ते म्हणाले. "बरं मग?"

"वेनिंगने इंजिन नऊ सव्वीसला सुरू केलं, नऊ पंचेचाळीसला बंद केलं. वेळ तिने लिहिलीय, तुम्ही खाली सही केलीय. एकोणीस मिनिटं. तिने पुसलं असतं तर इथे एकोणीसच्या वर आकडा येऊच शकला नसता. गालिहने पुसल्यावर इंजिन बावीस मिनिटं चाललं. बावीस आणि एकोणीस, एक्केचाळीस. एका मिनिटाचा फरक मी घड्याळांना सोडते."

दाराशी उभी मुलं आत डोकावत होती.

"स्वस्तातला स्कॅनर आहे हा," पाक हार्तोयो म्हणाले. "आमच्याकडे असले वापरत नाहीत."

"याच स्कॅनरवर तुम्ही तिला नापास केलंत."

पाक विदाग्दो खोकले. मी थांबले नाही, पण आवाज तितकाच ठेवला. "बाहेर प्रत्येक मुलाला उत्तर माहीत होतं. हिलाही. ते लिहून टाकलं असतं तर तुम्ही पास केलं असतं, आणि गाडीत तो बिघाड नव्हताच. चांगल्या गाडीला चांगली म्हणणारी तुमच्यासमोर आज एकच आली."

पाक हार्तोयोंचं हसू गेलं होतं. "ठीक आहे. प्लग राहिला असेल. माणूस आहे मी. पण कोऱ्या कागदावरून मी कोणाला सक्षम कसं म्हणू? तिला बिघाड शोधता येतो हे मला दिसलं पाहिजे की नको?"

यात खोट काढता येत नव्हती. त्याचाही मला राग आला.

"मी करते, पाक," मागून वेनिंग म्हणाली.

सगळ्यांना बाहेर जायला सांगून त्यांनी बॉनेटखाली काहीतरी केलं आणि मिनिटभर इंजिन चालवून बंद केलं. मी जमिनीवरच्या पिवळ्या पट्ट्याच्या बाहेर, भिंतीला पाठ लावून उभी राहिले. पट्ट्याच्या आत फक्त विद्यार्थी आणि परीक्षक. एक शब्द बोलायचा नाही असं मी ठरवलं होतं.

वेनिंगने घड्याळ बघून वेळ लिहिली. स्कॅनर जोडला. इंजिन सुरू करताच पुढचा पंखा पूर्ण वेगाने घोंघावायला लागला, इंजिन फार तापल्यावर लागावा तसा. तिने मान वर केली, ऐकलं आणि मग पडद्याकडे पाहिलं. मुलं खिडकीला चिकटली होती.

"हवेचाच आहे गं, लिही!" कोणीतरी दबक्या आवाजात म्हणालं.

तिने लिहिलं ते वेगळं होतं. पी शून्य एक एक आठ. हवेचं तापमान पस्तीस, पाण्याचं वजा चाळीस. पाक हार्तोयोंनी या वेळी दुसरा प्लग, पाण्याच्या सेन्सरचा, काढला होता. तिने इंजिन बंद केलं, वाकून बोटांनी वायर चाचपत नेली, प्लग शोधला, त्याच्या पिना उजेडाकडे धरून तपासल्या आणि खट् आवाज येईपर्यंत दाबला. कोड पुसला. पुन्हा इंजिन सुरू. पंखा गप्प होता. पाणी ऐंशी अंशांवर. प्रत्येक ओळीसमोर वेळ लिहून तिने कागद पुढे केला. सगळं मिळून नऊ मिनिटं लागली.

पाक हार्तोयोंनी नवा फॉर्म काढला. 'सक्षम'च्या चौकटीत खूण केली, त्याखाली एक ओळ लिहिली, सही केली आणि पेन तिच्याकडे दिलं. पाक विदाग्दोंनी सुटकेचा श्वास सोडला. "झालं एकदाचं! कर सही, बाळ, आणि पाकांचे आभार मान."

वेनिंगने फॉर्म वाचला. तिला वाचायला फार वेळ लागला. मग तिने पेनाला टोपण लावलं.

"काय झालं?" पाक हार्तोयोंनी विचारलं.

"इथे लिहिलंय, शिक्षिकेच्या मदतीने."

"मग? बु आल्या, भांडल्या, त्यांच्यामुळेच दुसरी संधी मिळाली ना तुला? मिळाली ना?"

तोच प्रश्न, पुढे तोच 'ना'. तिची मान खाली गेली. ती हो म्हणणार हे मला दिसत होतं.

तीन वर्षं तिच्या प्रगतिपुस्तकात वर्तनाच्या रकान्यात मीच लिहिलं होतं: शांत, नम्र, कधीही उलट बोलत नाही. त्याला सर्वांत वरची श्रेणी दिली होती. सकाळपासून मी पाक हार्तोयोंवर चिडले होते, पाक विदाग्दोंवर, गालिहवर चिडले होते. त्या क्षणी राग ज्याच्यावर यायला हवा होता त्याच्यावर आला. ती 'हो' म्हणाली होती ते मी शिकवलं होतं म्हणून.

आणि आता मला तोंड उघडता येत नव्हतं. मी एक शब्द बोलले असते तर त्या फॉर्मवरची ओळ खरी झाली असती. मी दात आवळले. पाठीमागची खडबडीत भिंत मला टोचत होती.

"नाही, पाक," वेनिंग म्हणाली.

आवाज इतका बारीक होता की पाक विदाग्दो पुढे झुकले. "काय म्हणालीस?"

"मदत घेतली नाही. कोडही पुसला नव्हता. मघाशी मी हो म्हटलं, ते चुकलं." पेन तिने खाली ठेवलं नाही, टोपणही काढलं नाही. "ही ओळ असेल तर मी सही नाही करणार."

पुठ्ठ्याच्या डब्यावर एक माशी फिरत होती. पाक हार्तोयोंनी माझ्याकडे पाहिलं, मी खिडकीकडे. शेवटी त्यांनी हात पुढे करून तिच्याकडून पेन घेतलं, त्या ओळीवर पट्टी न धरताच एक रेघ मारली आणि बाजूला आपली छोटी सही केली. रेघ वाकडी आली.

"चुकलं माझं," असं ते म्हणाले नाहीत. मी वाट पाहिली होती.

वेनिंगने पुन्हा वाचलं, अगदी वरपासून, मग सही केली. पेन दोन्ही हातांनी धरून, कमरेत वाकून त्यांना परत दिलं. दारापर्यंत जाऊन ती थांबली आणि वळली.

"पाक, माफ करा हं," ती नेहमीच्या नम्र आवाजात म्हणाली. "इंजिनच्या पाण्याचा प्लग मी परत जोडलाय. पुढच्या मुलासाठी आठवणीने काढून ठेवा."