पाचव्या घराचं नाव

या, जरा जवळ सरकून बसा. मागच्यांनीही पुढे या, आवाज चढवून सांगण्यासारखी ही गोष्ट नाही. जॉर्जियातल्या टकर्स फोर्क नावाच्या खेड्याची ही हकिगत. देवाला स्मरून, जशी घडली तशी सांगतो.

तिथल्या माउंट निबो या काळ्या लोकांच्या चर्चमध्ये जुनी भजनं पुस्तकात बघून म्हणत नाहीत. एकाने ओळ सांगायची आणि बाकीच्यांनी ती उचलून, लांबवून, पोटातून काढून गायची. गुलामीच्या काळात वाचायला बंदी होती तेव्हापासूनची ही रीत. तिथले पाळक प्रवचन बोलता बोलता सुरावर न्यायचे, आणि एकदा का तो सूर लागला, की दगडाला पाझर फुटावा. पण ऑगस्टातल्या एका रविवारी, परगावी गेलेली लेकरं गावी परतायची त्या दिवशी, ओळ सांगायचा मान मदर ओलिथा बॅस्कम यांचा; चर्चमधल्या वडीलधाऱ्या मानकरी बाईला तिथे 'मदर' म्हणतात. त्या दिवशी त्या भजन सांगत नसत, सात नावं सांगत. १९१२ साली गोऱ्यांच्या टोळीने मारलेल्या सात जणांची. सातवं नाव त्यांच्या वडिलांचं, सायलस बॅस्कम. तेव्हा ओलिथा सहा वर्षांच्या होत्या, ही गोष्ट घडली तेव्हा अडुसष्टच्या.

त्या वर्षी सरकारी समितीने गावाच्या रस्त्याला इतिहासाचा फलक लावायचं ठरवलं. मजकूर तयारच होता: 'कापसाच्या भावावरून झालेली दंगल. दोन सशस्त्र गटांत गावच्या चौकात चकमक.' म्हणजे सायलस बॅस्कम दंगलखोर. मदर ओलिथांनी तो कागद वाचला, घडी घातली आणि समितीला कळवलं, की असला फलक उभा राहिला तर मी रोज सकाळी जाऊन त्यावर गोणपाट टाकीन.

म्हणून समितीने प्रोफेसर हॅल्वर्सनबाईंना धाडलं. गोऱ्या, उत्तरेकडच्या, चाळिशीच्या, बोलायला मऊ. मदर ओलिथांनी त्यांना स्वयंपाकघरात बसवलं, गोड थंड चहा दिला. शेजारी डीकन रॉस्को बसले होते, चर्चचे ज्येष्ठ, प्रत्येक शब्द तोलून बोलणारे. बाईंनी समजावून सांगितलं, की या घटनेवर तीन विद्वानांनी लिहिलंय. एकाच्या मते ही वांशिक दंगल. दुसऱ्याच्या मते भोळ्या शेतकऱ्यांना बाहेरच्या कुणीतरी फितवलं. तिसऱ्याच्या मते सगळा दोष पडलेल्या बाजारभावाचा.

"या तिघांपैकी आमच्या दारात कोण आला होता?" मदर ओलिथांनी विचारलं.

बाई प्रामाणिक होत्या. म्हणाल्या, कुणीच नाही, तिघांनीही गोऱ्यांच्या वर्तमानपत्रावरून लिहिलं. पण गाण्यातली नावं पुरावा म्हणून धरता येत नाहीत, गाणी तोंडातोंडी बदलतात.

मदर ओलिथा वाद घालत बसल्या नाहीत. त्यांनी डोळे मिटले आणि नावं सांगायला सुरुवात केली. ज्यूबल हिक्स. रूफस डेल. पार्थिनिया मोट. बाईंच्या पिशवीत त्या काळचा जमीनमहसुलाचा नकाशा होता. तो त्यांनी टेबलावर पसरला, आणि दुसऱ्या नावाशीच त्यांचं बोट थबकलं. ओढ्याकडून निघालं तर पहिलं घर हिक्सचं, दुसरं डेलचं, तिसरं विधवा पार्थिनियाचं. नावं वयाने नव्हती, मानाने नव्हती. रस्त्याने होती. चौकात चकमक झाली असती तर माणसं चौकात पडली असती. ही माणसं आपापल्या उंबऱ्यावर पडली होती, एकेक करून, ओढ्याकडून वर.

बाईंचा चेहरा उतरला. "साठ वर्षं आम्ही चौकात शोधत होतो," त्या म्हणाल्या.

मग त्यांचं बोट पुन्हा मागे आलं. गाण्यात सात नावं, नकाशावर आठ घरं. चौथं घर गाण्यात होतं, त्यापुढचं पाचवं तेवढं नव्हतं. तिथे लिहिलं होतं, एल. पीक.

डीकन रॉस्को घाईने म्हणाले, की ते घर तेव्हा रिकामं होतं. मदर ओलिथांनी ग्लास बाजूला सारला. आपल्याच लोकांनी झाकलेलं उघडं करायचं म्हणजे अंगावरचं कातडं सोलणं.

अखेर त्यांनी सांगितलं. लॉन्झो पीक शनिवारच्या नाचाला फिडल, म्हणजे गावठी व्हायोलिन, वाजवायचा. पापाचं वाद्य म्हणून चर्चने त्याला सगळ्यांदेखत काढून टाकलं. वाळीत टाकलेल्याचं नाव देवळात कसं घेणार? पण खरं कारण निराळंच होतं. त्या पहाटे चार घरं पेटली, आणि पाचव्या दारातून लॉन्झोने बंदूक चालवली. तो तिथेच पडला, पण त्या आवाजाने वरची तीन घरं जागी झाली. वडिलांनी दार धरून ठेवलं आणि आईने ओलिथाला मागच्या खिडकीतून दलदलीत ढकललं.

"मदर, अहो काय करताय," रॉस्को हात जोडून म्हणाले. "आपल्या बाजूने गोळी सुटली, एवढंच तर त्यांना हवंय."

"गोळी सुटली. चार घरांनंतर सुटली. तेवढंही मोजता येत नसेल तर इतिहास लिहू नका म्हणावं."

समितीची बैठक जिल्ह्याच्या कचेरीत भरली. हॅल्वर्सनबाईंनी नकाशा मांडला, भांडून 'दंगल' हा शब्द काढायला लावला. अध्यक्ष तसा भला माणूस. त्याने तोडगा काढला: फलकावर 'निरपराधांचं हत्याकांड' लिहू, सातही नावं कोरू, फक्त तो बंदूकवाला वगळू. त्याच्यामुळे उगाच गोंधळ होतो. रॉस्कोंनी सुटकेचा निःश्वास टाकला. सगळे मदर ओलिथांकडे बघू लागले. आता फक्त मान हलवायची होती.

त्या उभ्या राहिल्या. "बापाचं नाव तिथे बघायला मी साठ वर्षं थांबले. पण दारात उभा राहिला म्हणून ज्याला तुम्ही गाळता, त्याच्याच जिवावर मी आज तुमच्यासमोर उभी आहे. आठ लिहा. नाहीतर एकही नको."

अध्यक्ष म्हणाला, मग प्रकरण लटकेल. त्या म्हणाल्या, लटकू दे, आम्हाला सवय आहे. आणि पर्स उचलून बाहेर पडल्या.

ऑगस्टातला तो रविवार आला. चर्च खचाखच भरलेलं, डेट्रॉइटची, शिकागोची मंडळी आलेली, हॅल्वर्सनबाई शेवटच्या बाकावर. मदर ओलिथांनी पहिली चार नावं सांगितली, लोकांनी ती उचलली. मग त्या म्हणाल्या, "लॉन्झो पीक."

कुणी नाव उचललं नाही. हातातले पंखे हलायचे थांबले. पुढच्या बाकांवरच्या म्हाताऱ्यांनी माना खाली घातल्या. तिथली रीत अशी, की लोकांनी ओळ उचलल्याशिवाय पुढची सांगायची नाही. म्हणजे लॉन्झो अडला तर सायलस बॅस्कमही अडला. बापाचं नाव ओठांवर धरून मदर ओलिथा उभ्या राहिल्या. पुन्हा म्हणाल्या, "लॉन्झो पीक." तिसऱ्यांदा म्हणाल्या, तेव्हा आवाज फाटला होता, पण मान ताठ होती.

मधल्या बाकावरून एका बाईने, सहाव्या घरच्या नातीने, खालच्या सुरात ते नाव धरलं. दुसरीने तिला साथ दिली. मग पाळकांनी. मग ते नाव असं उठलं, असं लांबलं, की छपराच्या फळ्या थरथरल्या. डीकन रॉस्को शेवटपर्यंत गायले नाहीत, तेही सांगायलाच हवं. राहिलेली दोन नावं झाली, आणि शेवटी मदर ओलिथांनी डोळे उघडे ठेवून बापाचं नाव सांगितलं.

फलक काही लागला नाही. पण ऑगस्टात तिथे आठ नावं घेतात.

मंडळी, त्या लॉन्झोची कबर कुणाला ठाऊक नाही. त्याच्या मागे रडायला कुणी उरलं नाही. आज देवापुढे हात जोडाल, तेव्हा त्या फिडलवाल्याची एवढी आठवण ठेवा.