काचेच्या पेटीतली इस्त्री

मी एक जुनी इस्त्री आहे. तापणे हा माझा धर्मच आहे, पण मित्रांनो, आज मी तापले आहे ती विजेने नाही. मला राग आला आहे. म्हाताऱ्या वस्तूंनी आपली कहाणी सांगताना उसासे टाकायचे असतात, "आता मला कोणी विचारत नाही" असे म्हणायचे असते, हे मला ठाऊक आहे. माझी तक्रार उलटी आहे. मला लोकांनी नको तितके विचारले. माझा सत्कार केला, आणि त्या सत्कारात माझा जीव जाता जाता राहिला.

मी एका कारखान्यात जन्मले. खाली जाड लोखंडी तळ, वर लाकडी मूठ, आणि अंगात इतके वजन की हल्लीच्या प्लॅस्टिकच्या इस्त्र्या माझ्यापुढे भातुकलीतल्या वाटाव्यात. दुकानातून मला एका शिवणकाम करणाऱ्या बाईने घरी आणले. गल्लीत सगळे तिला टेलरताई म्हणत. घराची पुढची खोली हेच तिचे दुकान. खिडकीशी शिलाई मशीन, शेजारी कापडांचा ढीग, भिंतीला लागून लांब टेबल आणि टेबलावर मी. माझ्याखालून गेल्याशिवाय एकही कपडा गिऱ्हाइकाच्या हाती पडत नसे. "शिलाई माझी, पण रुबाब इस्त्रीचा," असे टेलरताई म्हणायची. हे वाक्य मी अजून जपून ठेवले आहे.

टेलरताईची मुलगी म्हणजे बारकी. पुढे ती आईपेक्षा वीतभर उंच झाली, तरी नाव बारकीच राहिले. रांगायला लागली तशी तिने पहिले काम काय केले, तर माझी वायर ओढली. मी धाडकन फरशीवर आपटले. कमी-जास्त तापवायची कळ तुटली आणि आतही काहीतरी बिघडले ते कायमचेच. तेव्हापासून माझी टाच कडकडीत तापते आणि टोक कोमट राहते. दुसऱ्या कोणी मला भंगारात दिले असते. टेलरताईने तुटक्या कळीच्या जागी कोटाचे मोठे बटण बसवले आणि माझी नवी खोड शिकून घेतली. जाड पँटला टाच, रेशमाला टोक. "खोड प्रत्येकालाच असते गं," मला पुसताना ती म्हणायची, "ओळखली की झालं."

एकदा बारकीचा मेणाचा खडू टेबलावर पडून राहिला आणि नेमका माझ्या टाचेखाली सापडला. पांढऱ्या अस्तरावर निळा रंग पसरला. टेलरताईने कपाळाला हात लावला. घाईघाईने तिने मला उचलले, तेव्हा माझ्या टोकाबरोबर ओढल्या गेलेल्या मेणाला पानाच्या शिरांसारख्या उंच रेघा आल्या. बारकीने त्या रेघांवरून बोट फिरवले. ती चित्रकार झाली ती त्या बोटापासून, असे माझे मत आहे. अस्तराचे मात्र वाटोळे झाले आणि गिऱ्हाइकाची बोलणी टेलरताईला खावी लागली.

बारकी चित्रकला शिकायला गेली तेव्हा तिने मलाही पिशवीत घालून नेले. तिथल्या सरांनी विचारले, "ब्रश कुठाय?" बारकीने मला बाहेर काढले. सगळा वर्ग खो खो हसला. "इथे चित्रं काढतात, कपड्यांना इस्त्री नाही करत," सर म्हणाले. मित्रांनो, चित्र कशाने काढले यापेक्षा ते काढताना हात किती पोळले हे बघावे की नाही? बारकीचे हात पुष्कळ पोळले. मेण जास्त तापले तर धूर होतो, कमी तापले तर गुठळ्या राहतात, सुती कापड मेण पिऊन टाकते. हे सारे ती चुकत चुकत शिकली. तिचे सोबती तसलेच. एकजण मेणबत्तीच्या काजळीने चित्रे काढायचा आणि शिंक आली की चित्र सोडून बाहेर पळायचा. एकजण ओल्या कापडावर खिळे पसरून गंजाचे डाग उमटायची वाट बघत बसायची. लोक त्यांना वेडे म्हणत. असे म्हणणाऱ्यांना मी काय म्हणते ते मुलांसमोर सांगण्यासारखे नाही.

याच काळात टेलरताईच्या डोळ्यांना काचबिंदू झाला. आधी तिला सुई ओवता येईना, मग मशीनवर झाकण पडले, आणि मग खिडकीतला उजेड तेवढा कळायचा राहिला. लेकीची चित्रे तिला दिसेनाशी झाली. "तू सांग काय काढलंस, मी ऐकते," ती म्हणायची. बारकीला ते सोसवेना. आईला बोटांनी बघता येईल असे चित्र काढायचे तिने ठरवले.

चित्र होते आईच्या शिवणाच्या खोलीचे. टाचेने मेण वितळवायचे, टोकाने दाबून अलगद उचलायचे, म्हणजे रेघ उभी राहते. तिने नवी इस्त्रीही वापरून पाहिली. ती बया सगळीकडे सारखी तापते, त्यामुळे उठलेली रेघ लगेच विरघळून सपाट व्हायची. हे काम माझ्याच खोडीचे होते, आणि हे मी अभिमानाने सांगते. खिडकी झाली, मशीनचे चाक झाले, कापडांचा ढीग झाला, स्टूल झाले. स्टुलावर बसलेली आई शेवटी करायची होती, आईला शेजारी बसवून, तिचा चेहरा चाचपत चाचपत.

तेवढ्यात वारे फिरले. ज्यांना लोक हसत होते त्यांचीच एकाएकी चलती झाली. एका मोठ्या चित्रदालनाचे संचालक घरी आले. चित्र बघून "वा" म्हणाले आणि मला बघून "वा, वा!"

"चित्र पुरं नाही झालं अजून," बारकी म्हणाली. "स्टूल रिकामं आहे."

"रिकामं आहे तीच तर गंमत आहे! प्रदर्शनाला असंच द्या. आणि ही इस्त्रीही हवी मला."

बारकी शेवटी म्हणाली, "एका अटीवर. माझी आई येईल, तिला चित्राला हात लावू द्यायचा."

"अहो, हे काय सांगणं झालं?" संचालक म्हणाले.

दालनात मला पांढऱ्या चौथऱ्यावर बसवले, वर काचेची पेटी. बारकी दुसऱ्या खोलीत चित्रे टांगत होती. संचालकांनी दोन पावले मागे जाऊन डोळे बारीक केले आणि मदतनिसाला म्हणाले, "ही शेपूट कशाला लोंबतेय? घाण दिसतं. काप."

माझी वायर मुळाशी कापली. मित्रांनो, त्या माणसाला बटण दिसले, मूठ दिसली, तळावरचे रंगीत मेणाचे थर दिसले, पण ही बाई अजून कामावर आहे एवढे दिसले नाही! मग पाहुणे येऊ लागले. माझ्यापुढे वाकून म्हणाले, "किती बोलकी वस्तू आहे!" माझी वाचा कापून वर मला बोलकी म्हणत होते.

टेलरताई लेकीचा हात धरून आली. चित्रापुढे उभी राहिली, हात पुढे केला, आणि रखवालदार धावला. "आजी, हात नाही लावायचा. पाटी आहे बघा." जिला दिसत नाही तिला तो पाटी दाखवत होता.

बारकीने संचालकांकडे पाहिले. ते हळूच म्हणाले, "आत्ता पाहुणे आहेत हो. एकाने लावला की सगळेच हात लावतील. नंतर बघू."

टेलरताईने हात मागे घेतला. "राहू दे गं. दुसऱ्याच्या घरी आलोय आपण."

"घर त्यांचं असेल, चित्र माझंय. आणि ते तुझ्यासाठीच आहे." बारकीने पाटी काढली, संचालकांच्या हातात दिली आणि आईची बोटे चित्रावर टेकवली. पेटीत बसल्या बसल्या मी मनातल्या मनात टाळ्या वाजवल्या.

"खिडकी," टेलरताई म्हणाली. "कडी मोडलेलीच ठेवलीस होय? हे माझं चाक. आणि हा ढीग, अगंबाई, एवढे कपडे द्यायचे राहिलेत?" लोक हसले. तिची बोटे खाली सरकली. "हे स्टूल." ती पुन्हा पुन्हा तिथेच चाचपत राहिली. "आणि मी कुठाय गं?"

बारकी तरातरा माझ्याकडे आली, काच उचलली, मला हातात घेतले, आणि तिला वायरीचे थोटूक दिसले.

"ही कोणी कापली?"

"नीटनेटकं दिसावं म्हणून," संचालक म्हणाले. "तशीही ती आता कलाकृती आहे. चालू कशाला हवी?"

"माझी आई अजून चित्रात यायचीय, म्हणून हवी!" बारकी एवढ्या जोरात ओरडली की शेजारच्या भिंतीवरच्या चित्रातली काजळीसुद्धा थोडी झडली असेल. त्याच पावली तिने चित्र उतरवले आणि चित्रासकट आईला आणि मला घरी आणले.

नाक्यावरच्या दुरुस्तीवाल्याने नवी वायर घातली. वर म्हणाला, "आतलंही करून देतो ताई. एकसारखी तापेल, अगदी नव्यासारखी."

"नको, नको! आत हात लावू नका!" बारकीने मला त्याच्या हातातून जवळजवळ हिसकावलेच.

मित्रांनो, तुमच्याही घरात जुनी वस्तू असेल. तिचे कौतुक करायचे असेल तर तिला काचेत कोंडू नका, तिला तिचे काम करू द्या. आणि माणसांचेही तेच आहे, हे मला जरा आवाज चढवूनच सांगायचे आहे. टेलरताईला हल्ली जो तो म्हणतो, "तुम्ही बसा, तुम्ही काही करू नका." डोळे गेले म्हणून हात गेले काय?

काल ती लेकीशेजारी बसली होती. स्टुलावर मेणाची आई आकार घेत होती. मेण जरा निवल्यावर टेलरताईने त्यावर बोट फिरवले, मग स्वतःच्या चेहऱ्यावर फिरवले, मग पुन्हा मेणावर.

"नाक एवढं मोठं नाहीये माझं," ती म्हणाली. "दे इकडे ती इस्त्री."

बारकीने माझी मूठ तिच्या हातात दिली. टेलरताईने अंगठ्याने कोटाचे बटण चाचपले, माझी टाच उचलून धरली आणि टोक अलगद टेकवले.